चांदीच्या पट्टीवरचं गाव

ते पदक माझ्या हातावर ठेवताना त्या गृहस्थांनी एवढंच सांगितलं, "ताई, कडेला धरा. बोटांचा घाम लागला की चांदीवर डाग पडतो."

पुण्यात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. शिवराया बघून झाल्या, होन बघून झाले आणि मी कोपऱ्यातल्या त्या टेबलापाशी थांबले. मखमलीच्या पेटीत सात-आठ इंग्रजी पदकं मांडलेली होती. त्यातल्या एकाची फीत फिकट निळी, फितीवर चांदीच्या दोन आडव्या पट्ट्या. पहिल्या पट्टीवरची अक्षरं मी नुसतीच वाचली. ए, एस, एस, वाय, ई. काही बोध होईना. दुसरीवर ए, आर, जी, ए, यू, एम. 'आरगॉम' म्हणजे काय असेल असा विचार करत पुन्हा पहिल्या पट्टीवर आले आणि एकदम अंगावर काटा आला. ते असई होतं.

माझं आजोळ असईपासून दोन कोसांवर.

आजवर हे नाव मी एस.टी.च्या पाटीवर वाचलेलं, लग्नपत्रिकांवर वाचलेलं, मामांच्या तोंडून "असईच्या बाजारभावात अन् आपल्यात फरक नाय" अशा वाक्यात ऐकलेलं. जालना जिल्ह्यातलं, जुई नदीच्या काठचं एक गाव. मका, कापूस, मिरची. त्या गावाचं नाव चांदीत कोरून एका इंग्रज घोडेस्वारानं आपल्या छातीवर लावलं होतं, हे मला साठी उलटल्यावर कळत होतं. लढाई माहीत होती, अर्थातच. पण इतिहासाच्या पुस्तकात ती एका ओळीत संपते. 'असई, अडगाव येथे शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला.' पुढची ओळ तहाची.

पदक छत्तीस मिलिमीटरचं, म्हणजे जुन्या बंद्या रुपयाहून थोडं मोठं. एका बाजूला तरुण व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा. दुसऱ्या बाजूला बसलेली विजयदेवता, तिच्या हातात पुष्पमाला, शेजारी ताडाचं झाड आणि वर इंग्रजीत 'हिंदुस्थानातील सैन्यास'. खाली साल १७९९–१८२६. कड तिरपी करून बघितली तर बारीक ठशांत त्या माणसाचं नाव आणि पलटण: एकोणिसावी लाइट ड्रॅगून, म्हणजे हलकं घोडदळ. नाव मी इथे लिहीत नाही. त्याचे कुणी वंशज असतील, आणि मला त्याच्याबद्दल जे म्हणायचं आहे त्याला त्या नावाची गरज नाही. इथून पुढे मी त्याला स्वार म्हणेन.

मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे असईची लढाई वाचायला घेतली तेव्हा मला आधी नद्या दिसल्या. दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई, दोघी पश्चिमेकडून पूर्वेकडे जवळजवळ समांतर वाहत येतात आणि पुढे एकमेकींना मिळतात. त्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचं सैन्य उतरलेलं होतं. शिंद्यांचे कवायती कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीनं तयार केलेल्या पायदळाच्या तुकड्या, अँथनी पोलमन या जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली. बेगम समरूच्या पलटणी. शंभराच्या आसपास तोफा. आणि अफाट घोडदळ. समोर इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, वय चौतीस, प्रत्यक्ष लढाईत उतरवता येतील अशी साडेचार हजारांच्या आसपास माणसं घेऊन. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज यायची होती, दोघांनी मिळून दुसऱ्या दिवशी हल्ला करायचा असं ठरलं होतं. पण नळणीच्या मुक्कामी पोचल्यावर वेलस्लीला कळलं की शत्रू वाटलं त्यापेक्षा फार जवळ आहे. तो थांबला नाही.

समोरून केळणा ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. बगलेवरून ओलांडायची तर उतार हवा, म्हणजे नदीतून चालत पार होता येईल अशी उथळ जागा. वाटाड्यांनी सांगितलं, पलीकडे उतार नाही. वेलस्लीनं दुर्बिणीतून बघितलं. नदीच्या अल्याड पिंपळगाव, पल्याड वरुड, दोन्ही अगदी समोरासमोर. त्यानं मनाशी म्हटलं, दोन गावं नदीच्या दोन काठांवर इतकी जवळ वसली आहेत, तर त्यांच्यामध्ये येण्याजाण्याची वाट असणारच. माणसं पाठवून बघितलं, उतार होता.

हे वाचून मी पुस्तक मिटून बसले. वर्गात मी हेच शिकवायचे. गाव कुठे वसतं? पाण्याच्या कडेला, वाटेच्या तोंडाशी, उताराच्या दोन्ही बाजूंना. लहानपणी आम्ही बैलगाडीनं नदी ओलांडायचो तेव्हा आजी गाडीतूनच पलीकडच्या बायकांशी बोलायला लागायची. लेकी इकडून तिकडे दिलेल्या असतात, दळण-मिरची-बियाणं सगळं त्याच वाटेनं जातं येतं. पिंपळगाव-वरुडच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पायांनी पाडलेली वाट त्या दुपारी एका परक्या सेनापतीनं दुर्बिणीतून ओळखली आणि तिच्यावरून फौज उतरवली. युद्धशास्त्राच्या पुस्तकांत या प्रसंगाचं फार कौतुक असतं, आणि ते योग्यच आहे. मला मात्र ती वाट आठवत राहते.

नदी ओलांडताना मराठ्यांच्या तोफा त्या उतारावर वळल्या होत्या. वेलस्लीच्या अगदी जवळ त्याचा ऑर्डर्ली ड्रॅगून, म्हणजे हाताखालचा घोडेस्वार होता. तोफेच्या गोळ्यानं त्याच्या डोक्याचा वरचा भागच उडवला. पण खोगिराला बांधलेल्या सामानात आणि पिस्तुलांच्या म्यानांत शरीर अडकून राहिलं, आणि बिथरलेला घोडा त्या मेलेल्या स्वाराला पाठीवर घेऊन बराच वेळ फौजेत सैरावैरा धावत होता. त्या दिवशी तिथे हजर असलेल्यांनी हे लिहून ठेवलं आहे. त्यांच्या लिहिण्यात तो नुसता 'ऑर्डर्ली ड्रॅगून' आहे. माझ्या हातातल्या पदकाच्या कडेवर ज्याचं नाव होतं त्या स्वारानं ते दृश्य बघितलं असेल का, हा विचार मनातून जात नाही.

नदी ओलांडून इंग्रज फौज बाजूनं पुढे येते आहे असं दिसताच पोलमननं आपली सगळी रांग काटकोनात फिरवली. रांगेचं डावं टोक असई गावाला टेकवलं, गावात आणि गावाभोवती तोफा रोवल्या. लढाईच्या ऐन तोंडावर एवढी मोठी रांग न मोडता फिरवणं हे कवायत मुरलेल्या माणसांचंच काम. वेलस्लीची ती अपेक्षाच नव्हती. त्याच्या उजव्या बाजूच्या तुकडीनं वाट चुकून थेट गावाचा रोख धरला आणि चौऱ्याहत्तरावी स्कॉटिश पलटण तिच्या मागोमाग गेली. असईच्या तोफांनी ती पलटण अक्षरशः चिंधड्या चिंधड्या केली. उरलेले लोक मेलेल्या बैलांचा आणि माणसांचा आडोसा करून उभे राहिले, आणि वरून मराठा घोडदळ आलं.

इथे आपला स्वार लढाईत येतो. कर्नल मॅक्सवेलच्या हाताखाली एकोणिसावी लाइट ड्रॅगून आणि मद्रासचं देशी घोडदळ मागे राखून ठेवलेलं होतं. मॅक्सवेलनं त्यांना सोडलं. चौऱ्याहत्तराव्या पलटणीच्या उरल्यासुरल्या लोकांच्या बाजूनं ते भरधाव पुढे गेले, मराठा स्वारांना मागे रेटलं आणि तोफांवर पडून जुईपर्यंत धडकले. इंग्रजी पुस्तकांत या हल्ल्याची वर्णनं फार देखणी असतात. मला देखणं काही सापडत नाही. सप्टेंबर महिना, काळी जमीन, पावसाळ्याची ओल अजून खाली धरलेली. उभी पिकं. त्या रानात मी लहानपणी अनवाणी धावले आहे, ढेकळं पायाला कशी लागतात ते मला माहीत आहे. तिथून शेकडो घोडे दौडत गेले.

शिंद्यांच्या गोलंदाजांबद्दल मात्र थांबून लिहायला हवं, कारण आपल्याकडे ते कुणी फारसं लिहीत नाही. संगिनी पोटाशी येईपर्यंत ते तोफा सोडून हटले नाहीत. इंग्रज रांग त्यांच्यावरून पुढे गेल्यावर, मेल्याचं सोंग घेऊन पडलेले काही जण उठले, तोफा उलट्या फिरवल्या आणि पाठीत मारा सुरू केला. वेलस्लीला स्वतः मागे फिरून त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. त्याचा एक घोडा ठार झाला, दुसऱ्याला भाला लागला. संध्याकाळी पुन्हा जमू लागलेल्या कंपूंवर धाडलेल्या दुसऱ्या हल्ल्यात मॅक्सवेल पडला. रात्री वेलस्ली कितीतरी वेळ गुडघ्यांत डोकं घालून बसला होता म्हणतात. पुढे नेपोलियनविरुद्धची वॉटर्लूची लढाई जिंकल्यानंतरही, तुमच्या आयुष्यातली सर्वांत चांगली लढाई कोणती, असं कुणी विचारलं तर तो असई म्हणायचा. आणि शिंद्यांच्या तोफांबद्दल त्यानं लिहून ठेवलं की त्या इतक्या उत्तम आहेत की आपल्या फौजेला चालतील. टिपूच्या कधी चालल्या नव्हत्या.

ब्रिटिश बाजूचा हिशेब एकेका माणसापर्यंत नोंदलेला आहे. ठार ४२८, जखमी १,१३८, बेपत्ता १८. एकूण १,५८४. यातले निम्म्याहून अधिक मद्रासकडचे शिपाई होते, हेही नोंदलेलं आहे. मराठ्यांकडचा आकडा पुस्तकांत '६,००० च्या आसपास' असा येतो. शेवटी तीन शून्यं. ही तीन शून्यं मी जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा मला त्यांचा त्रास होतो. बेपत्ता अठरा असं एका बाजूला मोजता येतं आणि दुसऱ्या बाजूला माणसं हजारानं गोल करावी लागतात.

दोन महिन्यांनी, २९ नोव्हेंबरला, अकोल्याकडे तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला, म्हणजे पट्टीवरच्या 'आरगॉम'ला, दुसरी लढाई झाली. तिथे सुरुवातीला तोफांचा मारा सुरू होताच असईत न डगमगलेल्या तीन देशी पलटणी मागे फिरल्या, त्यांना वेलस्लीनं स्वतः पुढे होऊन सावरलं. संध्याकाळी मराठा फौज मोडली आणि घोडदळानं चांदण्यात पाठलाग केला. आपल्या स्वाराची दुसरी पट्टी ही त्या चांदण्याची. डिसेंबरात चिखलदऱ्याशेजारचा गाविलगड पडला, आधी देवगावला आणि मग सुर्जी-अंजनगावला तह झाले. महाराष्ट्रात त्याच सुमाराला भयंकर दुष्काळ पडला. नगर-पुण्याकडची गावंच्या गावं ओस पडली. आधी होळकर-शिंद्यांच्या भांडणात रानं लुटली गेली होती, वर पाऊस गेला. आजी कधी कधी म्हणायची, "आपल्या घरातलं मूळ पुरुष कुठून आले कुणालाच नाय माहीत, दुष्काळात आले." कोणता दुष्काळ ते तिला सांगता यायचं नाही.

आता पदकाकडे परत येते, कारण मला सगळ्यांत जास्त वेळ ज्यानं धरून ठेवलं ती गोष्ट पुढे आहे. हे पदक १८५१ साली मंजूर झालं. लढाईनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी.

त्याच सेनापतीनं १८१५ मध्ये वॉटर्लू जिंकलं तेव्हा ब्रिटिश सरकारनं पहिल्यांदाच शिपायापासून सेनापतीपर्यंत सगळ्यांना एकच पदक दिलं, आणि वर्षा-दोन वर्षांत दिलं. मेलेल्यांच्या घरीही पाठवलं. प्रत्येकाचं नाव कडेवर यंत्रानं ठसवलं. वॉटर्लूला हजर असलेल्या शिपायाच्या नोकरीत दोन वर्षं जास्तीची धरली गेली. त्याआधी स्पेनमध्ये लढलेले म्हातारे शिपाई हे सगळं बघत राहिले. त्यांनी अर्जविनंत्या केल्या, आणि १८४७ मध्ये त्यांच्यासाठी पदक निघालं. त्यात हिंदुस्थानातल्या लढाया नव्हत्या. मग इथे लढलेल्यांनी मागणी लावून धरली, तेव्हा कुठे कंपनीच्या खर्चानं हे निळ्या फितीचं पदक आलं. आणि ते फक्त हयात असलेल्यांना.

असईत वीस वर्षांचा असलेला पोरगा १८५१ मध्ये अडुसष्ट वर्षांचा झाला होता. त्या काळी घोडदळात नाव घातलं की उमर त्यातच जायची. शेतमजुराचा, विणकराचा मुलगा, पोटासाठी भरती झालेला. अर्धे लोक हिंदुस्थानात हगवणीनं, तापानं, दारूनं मेले. त्याची पलटण १८०६ च्या सुमारास मायदेशी परतली आणि १८२१ मध्ये मोडण्यातही आली. आपण ज्या रेजिमेंटमध्ये होतो ती रेजिमेंटच आता नाही, असा तो म्हातारा कुठल्यातरी खेड्यात पेन्शनीवर जगत असणार. आणि एके दिवशी टपालानं किंवा सरकारी माणसाच्या हातून एक लहानशी पेटी येते. आत त्याचं स्वतःचं नाव ठशांत. आणि ज्या गावाचा उच्चार तो आयुष्यभर चुकीचाच करत आला त्या गावाचं नाव चांदीत.

शेजाऱ्यांना त्यानं काय सांगितलं असेल? अस्सी? असाय? नातवंडानं विचारलं असेल, हे कुठं आहे? तो काय सांगणार. दोन नद्या. एक गाव. मातीच्या भिंती.

मी त्याच्यावर चिडायला बसले होते, खरं सांगते. चिडता आलं नाही. माझ्या मनात तो ऑर्डर्ली ड्रॅगून येतो, ज्याला हे पदक मिळणंच शक्य नव्हतं कारण तो त्या दुपारीच गेला. नियम असा की अठ्ठेचाळीस वर्षं जगून दाखवील त्याचंच नाव कडेवर लिहिलं जाईल.

या पदकाला एकूण एकवीस प्रकारच्या पट्ट्या होत्या. त्यांची यादी त्या गृहस्थांनी वहीत लिहून ठेवली होती, ती मी उतरवून घेतली. अलीगड, दिल्ली, लासवारी, डीग, भरतपूर, नेपाळ, ब्रह्मदेशातलं आवा. आणि मग आपली नावं. असई, अडगाव, गाविलगड. खडकी. पुणे. 'खडकी आणि पुणे' अशी जोडपट्टी. सीताबर्डी. नागपूर. त्यांचीही जोडपट्टी. कोरेगाव. एकवीसपैकी दहा पट्ट्या आजच्या महाराष्ट्रातल्या. भूगोलाच्या तासाला मी पोरांकडून महाराष्ट्राचा नकाशा भरून घ्यायचे. हा नकाशा दुसऱ्या कुणीतरी भरलेला होता, आणि त्यातली प्रत्येक खूण आपण काहीतरी गमावल्याची होती.

'आपण' हा शब्द लिहिताना मात्र पेन अडखळतं, आणि ते कोरेगावच्या पट्टीमुळे. १ जानेवारी १८१८ ला भीमेकाठी कॅप्टन स्टॉन्टनच्या लहानशा तुकडीनं पेशव्यांच्या मोठ्या फौजेला दिवसभर थोपवलं. त्या तुकडीतले बहुतेक शिपाई इथलेच, त्यांत महार मोठ्या संख्येनं. तिथल्या स्तंभावर कामी आलेल्यांची ४९ नावं आहेत, आणि त्यांतली २२ 'नाक' या प्रत्ययानं संपतात. ज्यांची सावलीही पेशवाईत चालत नव्हती त्यांची नावं दगडात, पूर्ण, एकेक करून. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले आणि त्या नावांपुढे उभे राहिले. लाखो माणसं दर वर्षी तिथे का जातात हे मला त्या पदकाची कड बोटाखाली फिरवताना जितकं कळलं तितकं आधी कळलं नव्हतं. नाव कोरलेलं असणं ही फार मोठी गोष्ट आहे.

त्या गृहस्थांनी एक बारीक गोष्ट दाखवली. याच पदकावर गोऱ्या सैनिकांची नावं मोठ्या अक्षरांच्या ठशांनी उमटवलेली असतात, आणि हयात असलेल्या मोजक्या देशी शिपायांची हातानं, वळणदार लपेटीत कोरलेली. तसं एक पदक त्यांनी एकदाच पाहिलं होतं. कुण्या कारागिराच्या हाताखालून ते नाव गेलं, त्यानं ते तोंडानं उच्चारलं असेल, असं ते म्हणाले. मला हे फार आवडलं.

पेटीत आणखी एक पदक होतं त्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. सहा टोकांचा तारा, काळसर काशाचा, मध्ये छोटा रुपेरी तारा आणि त्यावर 'महाराजपूर १८४३'. शिंदेशाहीतल्या वारसाच्या आणि कारभाऱ्यांच्या वादाचं निमित्त करून गव्हर्नर जनरल एलनबरो ग्वाल्हेरवर चालून गेला. २९ डिसेंबर १८४३ ला एकाच दिवशी महाराजपूर आणि पनियार अशा दोन लढाया झाल्या. महाराजपूरला ब्रिटिशांचे आठशेच्या घरात लोक कामी आले किंवा जखमी झाले, आणि सेनापती गफनं आपल्या अहवालात कबूल केलं की विरोधकांच्या शौर्याचा आपला अंदाज कमी पडला होता. घोडदळात सोळावी लान्सर्स होती. तिच्या एखाद्या भालाईताच्या छातीवर गझनीचं पदक, मग हा तारा, मग सतलजचं पदक अशी ओळ लागायची. आणि हा तारा ग्वाल्हेरच्या जिंकलेल्या तोफा वितळवून त्या काशातून पाडलेला आहे.

मी तो तारा हातात घेतला नाही. घ्या म्हणाले ते, पण नको म्हटलं. असईला संगिनी पोटाशी येईपर्यंत ज्या तोफांना गोलंदाज धरून उभे होते, त्यांच्या पुढच्या पिढीच्या तोफा त्या. चांदी खाणीतली असते, कुणाचीही. हे काही कुणाचंही नव्हतं.

महाराजपूर-पनियारनंतरच्या तहानं शिंद्यांची फौज ९,००० वर आणली आणि शिंद्यांच्याच पैशावर, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ग्वाल्हेर कंटिंजंट नावाची वेगळी फौज उभी केली. तीच कंटिंजंट चौदा वर्षांनी उलटली आणि येवल्याच्या तात्या टोप्यांच्या मागे कानपूरवर गेली. १७ जून १८५८ ला ग्वाल्हेरजवळ कोटा की सरायला आठव्या हुसार घोडदळाच्या हल्ल्यात झाशीची राणी पडली. त्या हल्ल्यासाठी हुसारांपैकी चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची निवड त्यांच्या सोबत्यांनीच केली होती. सगळ्यांच्या पदकावर पट्टी आली 'मध्य हिंदुस्थान'. हा विषय मोठा आहे, आणि माझ्याच्यानं आज तो लिहून होणार नाही.

प्रदर्शनानंतर महिन्याभरानं मी आजोळी गेले. आता जुईवर धरण आहे, रस्ता डांबरी आहे. मामा पंच्याऐंशीचे, दिसतं कमी पण कान तल्लख. मोबाइलवर काढलेला पदकाचा फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी डोळ्याजवळ नेऊन बघितला.

"हे असई लिहिलंय?"

"हो मामा."

"आपलं असई?"

"आपलं."

बराच वेळ ते बघत राहिले. मग विचारलं, "किती तोळ्याचं?"

"तीनेक तोळे भरेल."

"गरीब होता म्हनली ना तू तो?" मामा म्हणाले. "मंग मोडलं नाय त्यानं. पोटाला नसंल तरी मोडलं नाय."

हे मला सुचलं नव्हतं. अशी किती पदकं गहाण पडली, मोडीत गेली, दारूच्या गुत्त्यावर सुटली असतील. हे एक राहिलं, म्हणजे कुणीतरी अडीअडचणीतही ठेवून घेतलं. आधी त्यानं, मग त्याच्या मुलांनी. आमच्या घरात आजीचे गोट मोडायचे की नाही यावरून १९७२ च्या दुष्काळात झालेली बोलणी मला आठवली. ते मोडले होते.

ओसरीच्या दारापाशी तो गोळा अजून आहे. लोखंडी, गंजून खरबरीत झालेला, लहान नारळाएवढा. आजोबांना नांगरटीत सापडला होता. त्या रानाला घरात सगळे 'लढाईचं रान' म्हणतात. आम्ही पोरं त्याला ढकलत खेळायचो आणि आजी ओरडायची, पायावर पडंल. वारा सुटला की दार आपटू नये म्हणून तो दाराला लावून ठेवतात, माझ्या आठवणीच्या आधीपासून.

मी तो दोन्ही हातांनी उचलला. लहानपणी उचलला होता त्यापेक्षा आता जड लागला. फिरवून फिरवून बघितलं, कुठे काही आकडा, खूण, अक्षर. गंजाची पापुद्री हाताला लागली, दुसरं काही नाही.

"आपला का त्यांचा?" मामांनी विचारलं.

"कसं सांगू मामा."

"ठीव खाली," ते म्हणाले. "वारं सुटलंय, दार लाव."